हातकुऱ्हाडीचा कौल

आटपाडीच्या पुढे ओढ्याकाठच्या एका रानात शेततळं खणायचं चाललं होतं. रानमालक दादा माझ्या ओळखीचे. मेंढरंही राखतात, शेतीही करतात. त्यांचा फोन आला, "बाई, तुमच्या कामाचं दगड निघाल्यात, बगाय या." मी तशीच सांगलीहून निघाले. मी कॉलेजात शिकवते आणि सुट्टी मिळाली की आदिमानवाची दगडी हत्यारं शोधत हिंडते. माहेर इस्लामपूरकडचं, उसाचं. तिथे अजून म्हणतात, पोरगी एवढी शिकली आणि दगड वेचायला लागली.

ओढ्यात हातकुऱ्हाडी मला पूर्वीही सापडल्या होत्या. पानाच्या आकाराच्या, दोन्ही अंगांनी टवके काढून धार आणलेल्या, मुठीत नीट बसणाऱ्या. पण सगळ्या सुट्या, कुठून कुठून वाहत आलेल्या. वाहत आलेला दगड स्वतःच्या वयाबद्दल तोंड उघडत नाही. तो जमिनीच्या कुठल्या थरात रुतला होता हे दिसलं, तरच काही ठरवता येतं. असा एक रुतलेला दगड मिळावा म्हणून मी या भागातल्या उन्हात कातडी भाजून घेतली होती.

तो त्या दुपारी दिसला. खड्ड्याच्या भिंतीत, मातीखालच्या गोट्यांच्या थरात, काळी कुऱ्हाड अर्धी आत आणि अर्धी बाहेर. मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की काठावर उभ्या असलेल्या दादांच्या आई दचकल्या. पण ती भिंत आजच पाडायची होती, आणि खणायचं यंत्र इथून दुसऱ्या गावाला जाणार होतं.

दादा म्हणाले, "डायवर जेवतुय. त्येचं जेवान हुईस्तवर काय मापं घ्याची ती घ्या. मग मला थांबवता याचं न्हाई. पानी साठलं न्हाई तर मेंढरं कुटं न्यायाची?"

मी कॅमेरा आणि मोजपट्टी आणायला गाडीकडे पळत सुटले. परत आले तर भिंतीत नुसती खाच.

कुऱ्हाड बाभळीखालच्या देवाच्या ओट्यावर होती. धुतलेली, हळद लावलेली. शेजारी दादांच्या आई पदरानं हात पुसत होत्या. त्यांच्या घरची रीतच होती, रानात घडीव दगड निघाला की तो देवाजवळ ठेवायचा. शिवाय माझी आरडाओरड ऐकून त्यांना वाटलं, बाईला हा दगड यंत्राखालून वाचवायचा आहे.

"ठिवला बगा नीट," त्या समाधानानं म्हणाल्या. "आता काळजी न्हाई."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हातातोंडाशी आलेला घास या माउलीनं देवाला वाढला होता. राग गिळून मी विनवलं, "आजी, घटकाभर द्या. होता तिथं बसवते, फोटो काढते, परत आणून ठेवते."

"देवाला दिल्यालं मागं घेत न्हाईत."

"आजी, पाया पडते."

"मग कौल लावू," त्या म्हणाल्या.

ओल्या हळदीवर त्यांनी दोन पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर न्यायचा, डावी पडली तर नाही. मी खाली बसले. एक डोळा पाकळ्यांवर, एक डोळा खाचेवर. खाचेतून कोरडी माती सुटायला लागली होती. ड्रायव्हरनं डबा धुतला, चूळ भरली. दोन्ही पाकळ्या ढिम्म. मग त्यानं यंत्र सुरू केलं, ओटा थरथरला आणि डावी पाकळी खाली पडली.

"आजी, हे यंत्रामुळं झालं," मी जवळजवळ किंचाळले.

"देव कसा बी बोलतो." त्या शांत होत्या. माझ्या तोंडाकडे मात्र बघत राहिल्या. "तुमाला न्ह्याचा न्हाई. पर त्यो आपला आपुन जाऊन ईल की. देव जात्यात भेटीला."

त्यांनी कुऱ्हाड पदरात घेतली आणि अनवाणी खड्ड्यात उतरल्या. दादा हात वर करून यंत्रापुढे उभे राहिले. म्हातारीनं दगड खाचेत सरकवला, थोडा फिरवला आणि तो असा बसला की फट म्हणून राहिली नाही.

"हात काढा आजी."

"देवाला परक्या जागी सोडत न्हाईत."

मग हातासकट फोटो घेतले. पट्टी, थर, हळद लागलेली कुऱ्हाड आणि तिला धरलेली ती सुरकुतलेली बोटं. काम झालं तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "आजी, ही परकी जागा नाही. कुणीतरी हा इथं टाकून गेलं, त्याला लाखो वर्षं झाली असतील. हे घर आहे याचं."

त्या दगड घेऊन वर आल्या आणि ओट्याजवळ उभ्या राहिल्या. यंत्राचा दात भिंतीत घुसला, थर गोट्यांसकट खाली आला.

वळून पाहिलं तर म्हातारीनं दगडावर पदर ओढला होता.

"घर पडताना," त्या म्हणाल्या, "त्येला कशाला दावायचं?"