कडक भाकरीचा आवाज

जुळे सोलापूर या वस्तीतल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये रोज शाळा भरते. विद्यार्थिनी एकच, भार्गवी मंद्रूपकर, वय सोळा. बाईही एकच, तिची आई चेतना. घंटा नाही. कुकरच्या शिट्ट्या झाल्या की गणित संपतं. आई गॅस बंद करून येते आणि भूगोल सुरू होतो.

दुसरीत असताना भार्गवी वर्षभर वर्गात एक शब्द बोलली नव्हती. घरी तोंडाचा पट्टा चालू, शाळेच्या फाटकात पाय पडला की कुलूप. बाईंनी आधी समजावलं, मग बाकावर उभं केलं. एकदा तिला बाथरूमला जायचं विचारता आलं नाही आणि व्हायचं ते झालं. दुसऱ्या दिवसापासून चेतनानं तिला पाठवलं नाही. पुढं स्वतःची शिक्षिकेची नोकरीही सोडली.

आता मुक्त विद्यालयातून दहावी. पुस्तकांचं सगळं घरी झालं, पण विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांना आठवडाभर केंद्रावर जाणं भाग होतं. रोज हजेरी, एक दिवस बुडला तर परीक्षेला बसता येणार नाही.

रविवारी जेवताना वडील, आशिष, म्हणाले, "हा आठवडा जाऊन बघ. पुढच्या रविवारी सांग, अकरावी कॉलेजात करायची की घरीच. घरी म्हणालीस तरी कुणी काही बोलणार नाही."

चेतना ताक वाढत होती. आशिषची वाटी भरून वाहिली तरी वाढतच राहिली.

केंद्र नव्या पेठेच्या मागं, एका शाळेच्या प्रयोगशाळेत. शिवयोगी सरांनी हजेरी घेतली. स्वतःचं नाव ऐकून भार्गवीनं तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. सरांनी वर न बघताच 'गैरहजर' म्हटलं आणि पुढं गेले.

"ओ सर, ही पोरगी हितंच बसलीया की! हातात नळी हाय अन् गैरहजर कशी?"

बोलणारी बाई शेजारीच होती. सोनाबाई तळेकर, पंचेचाळिशीची. सून बी.ए. झालेली आणि सासू सातवी. म्हणून सुनेनंच हट्टानं फॉर्म भरायला लावला होता. सोनाबाई रोज केम गावाहून रेल्वेनं यायच्या.

सरांनी चष्मा वर केला. "तू भार्गवी? मग तोंड नाही का तुला?"

"आसंल की," सोनाबाई म्हणाल्या. "घरी ठिवून आली आसंल."

सगळा वर्ग हसला. भार्गवीच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

मधल्या सुट्टीत सगळे व्हरांड्यात डबे उघडून बसले. भार्गवीच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती. कडक भाकरी मोडली की कट्ट असा आवाज होतो. घरी तो कधी जाणवला नव्हता, व्हरांड्यात मात्र तो तिला फटाक्यासारखा वाटला. ती डबा घेऊन पाण्याच्या टाकीमागं गेली.

मंगळवारी सोनाबाईंनी तिला तिथं गाठलं. "हितं लपून काय खातीस? चोरीची हाय व्हय भाकरी?" असं म्हणत त्यांनी डब्यात हात घालून तुकडा मोडला.

भार्गवीनं झटकन झाकण लावलं. मंद्रूपकरांकडं ज्याचं ताट त्याचं. दुसऱ्याच्या ताटात कुणी बोट घालत नाही.

सोनाबाईंचा हात तसाच राहिला. "बरं बाय, न्हाय खात," त्या म्हणाल्या. तुकडा झाकणावर ठेवून निघून गेल्या.

संध्याकाळी चेतना कपड्यांच्या घड्या घालत होती. भार्गवी म्हणाली, "त्या बाईंनी माझ्या डब्यात हात घातला."

चेतनाला हसू आलं. "अगं, शाळेत असंच खातात."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

चेतनाचा हात घडीवर थांबला. नद्या झाल्या होत्या, चक्रवाढ व्याज झालं होतं, प्रकाशसंश्लेषण दोनदा झालं होतं. हे राहिलं होतं.

"मी भेटू का तुमच्या सरांना? हजेरीचं सांगते त्यांना."

"नको."

बुधवारी डबा जड लागला, आईनं एक भाकरी जास्त घातली होती. भार्गवी व्हरांड्यात गेली, सोनाबाईंच्या शेजारी बसली आणि भाकरी मोडली. कट्ट. कुणी मान वळवली नाही. अर्धी भाकरी तिनं सोनाबाईंच्या डब्यात ठेवली.

सोनाबाईंनी तोंड फिरवलेलंच ठेवलं. "आता झाकण न्हाय लावायचं न्हवं?"

भार्गवीनं मान हलवली. सोनाबाईंनी चटणी चाखली. "चटणी लई झ्याक हाय. पर लसूण कमी."

त्यानंतर भार्गवीच्या हजेरीला सोनाबाईच ओरडायच्या, "हाय हाय, हितंच हाय." सरांनी चालवून घेतलं. शुक्रवारी मात्र त्यांनी बजावलं, "उद्या परीक्षक येतायत. ज्याचं त्यानं बोलायचं. वकील चालणार नाही."

शनिवारी भार्गवी केंद्रावर पोचली तेव्हा फोनवर सोनाबाईंचा आवाज येऊन पडला होता: "पोरी, गाडी मोहोळापाशी थांबलीया. सरास्नी सांग गं."

सांग. तिला! तिनं फोनच दाखवावा म्हणून सरांच्या टेबलाकडं पाऊल टाकलं. सर परीक्षकांशी बोलत होते; त्यांनी हातानंच तिला जागेवर बसायला सांगितलं. हजेरी सुरू झाली.

"सोनाबाई तळेकर."

सरांनी पुन्हा नाव घेतलं आणि पेन टेकवलं.

"त्या येतायत, सर! गाडी लेट आहे!"

स्वयंपाकघरातून बाल्कनीतल्या माणसाला हाक मारावी, तेवढा मोठा आवाज निघाला. परीक्षकही वळून बघायला लागले.

"कोण बोललं?"

"मी. भार्गवी मंद्रूपकर." मग आठवून ती म्हणाली, "हजर."

सरांनी पेन उचललं. "बरं. त्यांना शेवटच्या गटात घेऊ."

सोनाबाई धापा टाकत आल्या, तेव्हा शेवटचा गट उभा राहत होता. कुणीतरी भार्गवीकडं बोट दाखवून काय झालं ते सांगितलं. सोनाबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"घावलं व्हय तोंड?"

"घरी नव्हतंच," भार्गवी म्हणाली. "इथंच होतं."

रविवारी जेवताना कुणी काही विचारलं नाही. आशिष दोनदा पाणी प्यायले. चेतना ताटाकडं बघून जेवत होती. भार्गवीनं भाकरी मोडली आणि, न विचारता, अर्धी आईच्या ताटात ठेवली.

"आई, कॉलेजात डबा नेतात ना?"

"नेतात."

"मग मोठा घेऊया. एकटीपुरता नको. आणि चटणीत लसूण वाढव."

"वाढवते," म्हणत चेतना उठली आणि लगबगीनं ओट्याशी गेली. कुकरची शिट्टी झालेली नव्हती.