मागच्या दारावरचा पोचा

दसऱ्याचा दुसरा दिवस, सकाळी सव्वासात. मिल बंद होऊन नऊ महिने झालेले.
हजर: मी, हे, कोपऱ्यावरचा पोहेवाला.
गैरहजर: उभ्या गाडीला ठोकून गेलेला माणूस.

त्या दिवशीच्या पानावर मी एवढं लिहिलं आणि पेन आपटलं. आदल्या दिवशीच पांढऱ्या मारुतीची पूजा केली होती. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढे झेंडूची माळ. सकाळी बघते तर मागच्या दाराला हातभर लांब पोचा, आणि दाराच्या फटीत दुसऱ्याच कुठल्या तरी माळेचा तुकडा अडकलेला. म्हणजे ठोकणाऱ्यानेही काल आपल्या गाडीची पूजा केली होती. देवाला हात जोडायचे आणि दुसऱ्याचं दार चेपायचं!

गाडी आमची असती तर इतकी पेटले नसते. ती सियागंज बाजारातल्या सेठची होती. हे मिलच्या टाइम ऑफिसात होते. सगळ्या खात्यांची हजेरी ह्यांच्या हाताखालून जायची. मिल सुटली तेव्हा वय सेहेचाळीस. आठ महिने घरी बसून काढले. मग ह्या सेठने नव्या कंपन्यांचे साबण आणि शाम्पूच्या पुड्या हातोद गावापर्यंतच्या दुकानांत पोहोचवायचं काम दिलं. त्यासाठी हे त्या वयात गाडी शिकले. चावी देताना सेठ माझ्यादेखत ह्यांना म्हणाले होते, "भिया, गाड़ी आपकी ही समझो. कुछ हो जाए तो बता देना, बस. मुझसे छुपाना मत."

नोकरीला महिनाही झाला नव्हता. चावी गेली की फेरी गेली, आणि फेरी गेली की हे पुन्हा खिडकीपाशी खुर्ची टाकून बसणार. ते आठ महिने मला परत नको होते.

"कोणी ठोकली, पाहिलंत का?" मी ह्यांना विचारलं. सहाला नळ येतो, तेव्हा हेच बाहेर असतात.

"गल्ली अरुंद आहे," हे म्हणाले. "लागतं कधी कधी."

"अहो, लागतं काय? मी सेठला काय सांगायचं, गल्लीने ठोकली?"

मी माळेचा तुकडा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो बोटांत फिरवला, परत दिला आणि म्हणाले, "दूध घेऊन येतो." दूध तर केव्हाच आलं होतं. रागाच्या भरात ते माझ्या लक्षात आलं नाही. एरवी मी असल्या गोष्टी सोडत नाही.

मी शिकवते त्या शाळेत सुट्टी कळवून मी यादी केली. एक, पोचा मोजणे. दोन, माळ पाकिटात ठेवणे. तीन, पोहेवाल्याला विचारणे. अशा आठ ओळी.

पाकिटात ठेवताना माळेचा दोरा पाहिला. बाजारातला नव्हता, सूत होतं. एका जागी तुटलं होतं आणि तिथे तांदळाच्या कणीएवढी चपटी गाठ. ही गाठ मी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात पाहिली होती. मिलमध्ये चालत्या मशीनवर तुटलेला धागा जोडताना कामगार चुटकीसरशी मारतात ती. ह्यांनी खात्यात उभं राहून हौसेने शिकून घेतली होती. बाहेरच्या कुणाला ती येत नाही.

पोहेवाल्याला विचारलं, "भिया, इधर मिलवाला कौन रहता है?"

"मिलवाले तो सब इधर ही पड़े हैं, भाभीजी," तो कढईतून मान न काढता म्हणाला. "ये पूछो कि गाड़ी किसके पास है."

गाडी एकाचकडे होती. मागच्या गल्लीत, लोडिंग रिक्षा. तिच्या पुढची माळ अर्धी तुटलेली. मालक शेजारीच दात घासत होता. पूर्वी कताई खात्यात होता. मला पाहून त्याने घाईने चूळ भरली.

"मुझसे ही लगी, भाभीजी. साब को उसी टाइम बता दिया था."

"कुणाला बता दिया?"

"साब को. मैं तो बोला, सेठ के पास चलता हूँ. साब ने ही मना किया. मैं भी उन्हीं सेठ का माल ढोता हूँ न. साब बोले, तेरा काम बंद हो जाएगा. तू जा, मैं देख लूँगा."

म्हणजे मी पोचा मोजत होते तेव्हा ह्यांना सगळं माहीत होतं. गाठ तर त्यांनी बोटांनीच ओळखली असणार. अंगाचा तिळपापड झाला. परक्याच्या रिक्षेची काळजी, आणि घरच्या चुलीची?

"चल," मी म्हटलं. "आत्ताच सेठकडे चल."

तो एका शब्दानेही नाही म्हणाला नाही. त्याच्याच रिक्षात, त्याच्या शेजारच्या पत्र्यावर बसून मी सियागंजला गेले. बडा गणपतीच्या देवळापासून सगळा रस्ता लोक बघत होते. बघू देत, म्हटलं.

सेठना मी सगळं क्रमाने सांगितलं. माळ दाखवली. रिक्षावाल्याने कान पकडून कबूल केलं. सेठ ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "बहनजी, भिया का तो आठ से पहले फ़ोन आ गया था. बोले, रिवर्स में मुझसे खंभे पर लग गई. मैंने कहा, कोई बात नहीं, नए-नए हो. बात तो वहीं ख़त्म थी."

माझ्या हातात माळेचा तुकडा तसाच राहिला.

"गाड़ी तो ठुकती है," सेठ म्हणाले. "पर मुझसे झूठ क्यों बोले? आज दरवाज़े का बोला, कल माल का बोलेंगे."

मी भांडले. हे दुसऱ्याचं पोट वाचवायला खोटं बोलले, असं पुन्हा पुन्हा सांगितलं. सेठ नुसती मान हलवत राहिले. संध्याकाळी चावी त्यांच्या गल्ल्यामागच्या खिळ्यावर लटकली. ह्यांना काढलं नाही, मेहेरबानी. पण हातोदची फेरी आता बसने, खांद्याला पुड्यांची पिशवी. रिक्षावाल्याचं काम मात्र चालू राहिलं. तो खरं बोलला होता ना!

घरी आल्यावर हे एवढंच म्हणाले, "वीस वर्षं त्याची हजेरी लावली मी." आणि पिशवीचा तुटलेला बंद शिवायला बसले.

कुणाकुणावर चिडू? ठोकणाऱ्यावर, सेठवर, ह्यांच्यावर. मला सकाळी एक शब्द सांगितला असता तर मी तोंड शिवून बसले असते. बसले असते का, हे मला आज इतक्या वर्षांनीही ठरवता येत नाही, आणि त्याचाही रागच येतो.

ते पान वहीत आहे. सात ओळींवर काट मारलेली आहे. आठवी ओळ संध्याकाळी खोडून नव्याने लिहिली: ह्यांच्याशी बोलणे. जाब विचारायचा की माफी मागायची, ते पुढे लिहिलेलं नाही. तिच्यावर काट नाही.