खोकल्यासाठी ठेवलेली जागा

मार्च लागला की आमच्या डहाणूत दोन गोष्टींचे ढीग लागतात. एक चिकूचे आणि दुसरे उन्हाळी शिबिरांच्या जाहिरातींचे. चिकू निदान मुंबईला तरी जातात. जाहिराती मात्र सगळ्या माझ्याकडे येतात. ‘सर, यातलं गाण्याचं शिबिर कुठलं चांगलं?’ असं विचारायला पालक येतात, चहा पितात आणि जाताना एखादा किस्सा मागे ठेवून जातात. इतक्या वर्षांत ते इतके साठलेत की आता कुणाला तरी सांगून मोकळं झालेलं बरं. सगळेच हसण्यासारखे आहेत असं नाही.

आधी माझ्याबद्दल. मी तलासरीच्या एका हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवतो. खरं शिक्षण गाण्याचं. पण शाळेला संगीताचं पदच मंजूर नाही, चित्रकलेचं होतं. तीही परीक्षा दिलेली होती, म्हणून चिकटलो. आठवडाभर पोरांकडून केळं आणि पेला काढून घेतो आणि रविवारी डहाणूत गाण्याचा क्लास घेतो. क्लास भरतो हेमंतभाऊंच्या वाडीत, बंगल्याच्या व्हरांड्यात. हेमंतभाऊ चिकूचे बागायतदार, माणूस दिलदार. व्हरांडा वापरायला दिला, सतरंज्या दिल्या, पंखासुद्धा लावून दिला. अट एकच, तीही न बोललेली : त्यांची केतकी पहिल्या ओळीत बसणार!

*

गेल्या वर्षी केतकी आठवीत होती. हेमंतभाऊंनी तिच्यासाठी पुण्याजवळचं एक निवासी शिबिर शोधून काढलं. दहा दिवस, शास्त्रीय गायन, शिकवणारे गुरुजी वयस्कर आणि नावाजलेले. माझ्यासमोरच त्यांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. योगायोगाने फोन खुद्द गुरुजींनी घेतला.

‘शिबिरात कुठला राग शिकवणार?’ हेमंतभाऊंनी विचारलं. खत घेताना कुठला ग्रेड ते विचारतात, अगदी तसं.

‘यमन,’ गुरुजी म्हणाले.

‘यमन झालाय तिचा! पुढचा सांगा.’

पलीकडे खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर गुरुजी म्हणाले, ‘नशीबवान आहे हो मुलगी. माझा अजून चालू आहे!’

हेमंतभाऊंनी फोन ठेवला आणि मला हळूच विचारलं, ‘सर, माणूस जरा स्लो वाटतो. चालेल ना?’

*

आमच्याकडे हार्डवेअरचं दुकान असलेले एक गुजराती भाई आहेत. त्यांची मुलगीही क्लासला येते. मी त्यांना त्याच शिबिराबद्दल अर्धा तास समजावून सांगितलं. गुरुजी कोण, परंपरा काय, पहाटेचा रियाज कसा असतो. भाई मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, ‘बधुं सारुं छे, सर. पण जमवानुं जैन मळशे?’

मी फोन करून विचारलं. हो, जैन जेवण मिळेल.

‘झालं तर मग! गाणं कुठलं पण चालेल!’

*

एका बँकेतल्या मॅडमनी मुलीला शिबिराला पाठवलंच नाही. डासांची भीती. त्यांनी ऑनलाइन कोर्स घेतला. पहिल्या दिवशी मला मुद्दाम घरी बोलावलं, ‘सर, तुम्ही पण बघा, केवढं प्रोफेशनल आहे!’

स्क्रीनवर तीसेक चौकोन. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, ‘आवाज एकमेकांत मिसळतात, तर सगळ्यांनी म्यूट करा आणि माझ्यामागून म्हणा.’ सगळ्यांनी म्यूट केलं. तीस तोंडं उघडली, मिटली. बाई डोळे मिटून मान डोलवत होत्या.

‘वा! काय सुरात म्हणताय सगळे!’

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडमच्या डोळ्यांत पाणी. ‘बघा ना सर,’ त्या म्हणाल्या, ‘किती एनकरेज करतात!’

मी कधी कुणाचं कौतुक केल्याचं मला आठवतच नाही. मी बहुधा करत नसेन. माझ्या क्लासमध्ये म्यूटचं बटण नाही, सगळं ऐकू येतं.

*

आता वैशालीबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

वैशाली माझ्या तलासरीच्या शाळेतली, केतकीच्याच इयत्तेत. तिच्या वडिलांचं अच्छाडला हायवेला लागून पंक्चरचं दुकान आहे. घर दुकानाच्या मागेच. दिवसरात्र ट्रक. शाळेच्या प्रार्थनेत दीडशे पोरांत एक आवाज वेगळा ऐकू आला, तो शोधत मी ओळीतून फिरलो, तेव्हा सापडली. रविवारी डहाणूला ये म्हटलं. येते. अच्छाडहून टमटम, तलासरीहून एसटी.

पहिल्याच रविवारी मी तिला विचारलं, ‘घरी रियाजाला हार्मोनियम नाही, मग सूर कुठून घेतेस?’

‘हॉर्नवरून, सर.’

सगळा क्लास हसला. ती हसली नाही. तेवढ्यात वाडीबाहेरच्या रस्त्यावरून टेम्पो हॉर्न वाजवत गेला. वैशाली म्हणाली, ‘हा काळी दोन. पण जरा उतरलाय, बॅटरी वीक असेल.’

मी हार्मोनियमवर काळी दोन दाबून पाहिली. हॉर्न उतरलेलाच होता!

इतकी वर्षं शिकवतोय. असा कान माझ्या वाट्याला एकदाच आला. हे मी तिला सांगितलं नाही. पोरं डोक्यावर बसतात, असं आमच्या मास्तरांनी आम्हाला शिकवलेलं.

*

तर त्या पुण्याजवळच्या शिबिरासाठी वैशालीचाही फॉर्म भरायचा मी ठरवलं. नववीच्या आधीची सुट्टी, नववीनंतरची सुट्टी, झालं. पुढे दहावी. एकदा दहावी लागली की मुलींचं गाणं बंद होतं, ते बहुतेक वेळा कायमचं. दहावीला गाण्याच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात म्हणून तोवर सगळे शिकवतात. माझी एक विद्यार्थिनी होती, सुरेख गायची. निकालाच्या दिवशी तिची आई पेढे घेऊन आली. ‘सर, गाण्याचे मार्क मिळाले हं!’ म्हणाली, ‘आता बंद केलं तरी चालेल.’ पेढा मी खाल्ला. काय करणार?

वैशालीचं तसं होऊ नये, कुणा खऱ्या जाणत्याच्या समोर एकदा तिने बसावं, एवढंच मला हवं होतं.

तिच्या वडिलांना भेटायला अच्छाडला गेलो. ते ट्रकच्या टायरमधून खिळा काढत होते. मी शिबिराचं सगळं सांगितलं. त्यांनी जेवणाचं विचारलं नाही, डासांचं नाही, सर्टिफिकेटचं नाही. हात पुसत म्हणाले, ‘मास्तर, तुम्ही पाठवाल तिथे जाईल ती. मला यातलं काय कळतं? फक्त एक सांगा, तिथे तिला गायला देतील ना?’

‘म्हणजे काय!’ मी म्हणालो. ‘त्याच्यासाठीच तर शिबिर असतं!’

*

फॉर्मसोबत शिक्षकाचं शिफारसपत्र लागत होतं. शाळेच्या लेटरहेडवर. हेडमास्तर म्हणाले, ‘गाण्याची शिफारस संगीतशिक्षकानेच करावी. आपल्याकडे संगीतशिक्षक नाही.’

‘सर, मी गाणं शिकवतो.’

‘डहाणूत. इथे तुम्ही केळं शिकवता.’

शेवटी खाली ‘चित्रकला शिक्षक’ असा शिक्का मारायच्या अटीवर लेटरहेड मिळालं. रविवारी व्हरांड्यात बसून मी दोन पत्रं लिहिली. एक केतकीचं, एक वैशालीचं. वैशालीचं अगदी मनापासून लिहिलं. लिहिताना मलाच भरून आलं.

आठवड्याने शिबिराच्या कार्यालयातून एका बाईंचा फोन आला. ‘सर, तुमचं वैशालीबद्दलचं पत्र वाचलं. फार हळवं आहे. पण ही मुलगी गाते की चित्रं काढते, ते काही कळलं नाही!’

मी पोट धरून हसलो. खापर अर्थातच शिक्क्यावर फोडलं. ‘गाते हो, गाते!’

‘बरं बरं,’ बाई म्हणाल्या. ‘बसवते तिला फीच्या सवलतीत.’

हा किस्सा मी महिनाभर सगळ्यांना रंगवून सांगत होतो. शिक्षक खोलीत तर दोनदा सांगितला.

*

हेमंतभाऊंनी दोघींना आपल्याच गाडीतून नेलं. डिकीत गुरुजींसाठी चिकूच्या दोन पेट्या. पोचल्यावर तिथल्या माणसाने यादी पाहून केतकीला हॉलकडे पाठवलं. वैशालीला विचारलं, ‘तू सवलतीतली ना? सेवा गट. तुझी बॅग मागच्या खोलीत ठेव.’

सवलतीतल्या मुलांनी शिबिरात सेवा करायची, असा तिथला नियम. सकाळी सतरंज्या, मग नाश्ता, मग ताटं मांडणं. वेळ उरला तर हॉलमध्ये मागे बसायला हरकत नव्हती. वेळ उरत नव्हता. साठ माणसांची पंगत, दोन वेळा.

दहा दिवसांनी दोघी परत आल्या. दोघींनाही सर्टिफिकेट होतं. केतकीचं ‘गायन’, वैशालीचं ‘सेवा’. हेमंतभाऊ वैशालीला म्हणाले, ‘अरे वा, तुला पण मिळालं की! फ्रेम करून घे हं.’ माणूस वाईट नाही, सांगितलंच मी. त्यांनी खरंच फ्रेमही करून दिली!

*

त्या रविवारी मी केतकीला विचारलं, ‘काय शिकलीस? म्हणून दाखव.’

‘यमनची बंदिश झाली, सर. वहीत आहे. वही वर खोलीत आहे.’

ती वही आणायला गेली. मी सहज वैशालीकडे पाहिलं. तिने तानपुऱ्यावर सूर लावला आणि म्हणायला लागली. स्थायी अख्खी. अंतऱ्याची पहिली ओळ. मी हार्मोनियमवरचा हात काढून घेतला, कारण मला ती बंदिश येत नव्हती आणि मध्ये लुडबूड करायची माझी लायकीही नव्हती. मग दुसऱ्या ओळीच्या मध्येच ती थांबली. तीन-चार मात्रा नुसत्याच गेल्या. आणि पुढे बरोबर समेवर आली.

‘मध्ये का गं थांबलीस? विसरलीस?’

‘नाही सर. तिथे गुरुजी खोकायचे. रोज तिथेच. ते काय म्हणायचे ते स्वयंपाकघरात ऐकूच आलं नाही, म्हणून जागा ठेवलीय.’

केतकी वही घेऊन खाली आली. वहीत तो तुकडा होता. तिने वाचून दाखवला.

*

मी रागाने शिबिराच्या कार्यालयात फोन लावला. त्याच बाई. ‘अहो, एवढी गाणारी मुलगी! तिला ताटं मांडायला लावलीत? एकदा तरी ऐकायचं!’

बाई शांतपणे म्हणाल्या, ‘सर, तुमच्या पत्रात गाण्याबद्दल फारसं काही नव्हतं.’

पत्राचा फोटो मोबाइलमध्ये होता. काढून वाचला. वडिलांच्या पंक्चरच्या दुकानावर चार ओळी. हायवेच्या धुळीवर दोन. एसटी आणि टमटमवर दोन. ‘अत्यंत गरजू’ हे शब्द तीन वेळा. आणि शेवटी, जागा उरली म्हणून लिहावं तसं, ‘गाण्याची आवड आहे.’

केतकीचं पत्र पाहिलं. ‘आवाज गोड, सूर पक्का, तयारी उत्तम.’ केतकीच्या पत्रात लिहायला गरिबी नव्हती, म्हणून गाणं लिहिलं होतं! शिवाय लिहिताना हेमंतभाऊ समोर चहा घेऊन बसलेले. मुलगी गाते की चित्रं काढते, असं त्या बाईंनी विचारलं, त्यात विनोद कुठेच नव्हता. तो मी घातला आणि महिनाभर लोकांना हसवलं. मला माझीच लाज वाटली, अजून वाटते.

तेव्हापासून माझ्या स्कूटरमध्ये हवा कमी असली तरी मी ती अच्छाडला भरत नाही. वैशालीचे वडील ‘मास्तर, चहा!’ म्हणून लांबून हात करतात. मी घाई असल्यासारखा निघून जातो.

*

यंदा दोघी नववीत. म्हणजे ही शेवटची सुट्टी. केतकीचं काही विचारायलाच नको. तिची दहावीची व्हेकेशन बॅच ठरलीय, आणि हेमंतभाऊंच्या मते यमन तर आता दोनदा झालाय!

गेल्या रविवारी क्लास सुटल्यावर वैशाली मागे थांबली. दप्तरातून फॉर्म काढला. त्याच शिबिराचा.

‘तिथेच कशाला परत?’ मी म्हणालो. ‘दुसरं बघू एखादं.’

‘नको सर. गुरुजींच्या तोंडून तो अंतरा ऐकायचाय. समोर बसून.’

फॉर्मसोबत शिफारसपत्र होतं, तिने स्वतःच्या अक्षरात लिहून आणलेलं. साधा कागद, लेटरहेड नाही. एकच ओळ : ‘ही मुलगी सुरात गाते.’ खाली सहीसाठी जागा, आणि तिच्याखाली माझं नाव आणि ‘गायन शिक्षक’.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते खोटं नाही. मी म्हणालो, ‘अगं, एवढंच? सवलत मिळायला हवी ना!’

‘सवलतीचा रकाना फॉर्मवर वेगळा आहे, सर. तिथे मी टिक केलीय. गेल्या वर्षी पण होता.’

मी फॉर्म उलटून पाहिला. होता.

‘तरी पण,’ मी म्हणालो, ‘वडिलांच्या दुकानाच्या दोन ओळी घालू या की.’

वैशालीने पेनचं टोपण काढलं आणि पेन माझ्या हातात दिलं.

‘दुकान कुठे गातं, सर?’