ट्रंकेखालची जागा

गिरण्यांच्या संपात त्याचा बाप पोलीस बंदोबस्तात कामावर गेला होता आणि माझे वडील शेवटपर्यंत बाहेर राहिले. त्याच्याबद्दल एवढंच मला आधीपासून माहीत होतं आणि तेवढं मला पुरत होतं.

तो आणि मी गिरगावातल्या एका लहान कारखान्यात कामाला होतो. मी चिपचे प्रोग्रॅम लिहायचे, तो वायरिंग करून यंत्रं बसवून यायचा. ठाकूरद्वारच्या एका नर्सिंग होमसाठी आम्ही बेलचं पॅनल केलं. पेशंटने बटण दाबलं की त्याच्या खाटेचा नंबर नर्सच्या टेबलावर रांगेत दिसायचा. चिपमध्ये मेमरी एकशे अठ्ठावीस बाइट. इतर कामांना देऊन उरलेल्यात मी नोंदींसाठी बारा घरं आखली. प्रत्येकात खाटेचा नंबर आणि पुढच्या घराचा पत्ता. बेल वाजली की रिकामं घर घेऊन रांगेच्या शेवटी जोडायचं, काम झालं की परत रिकाम्यांत टाकायचं. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

आठवड्याभरात पॅनल मुकं व्हायचं. तो जायचा, स्विच बंद करून चालू करायचा आणि ते नीट व्हायचं. तो गेला की सुधारतं, म्हणजे बिघडवतही तोच असणार. खाण तशी माती. तो कधी गेला, किती वेळ थांबला, मी वहीत लिहून ठेवायला लागले.

"तुझा प्रोग्रॅम पण बघ ना एकदा," तो म्हणाला. "वायरी मी तीनदा चेक केल्या."

चोराच्या उलट्या बोंबा, असं मला वाटलं. वही मी मालकांना दाखवली. त्यांनी त्याला काढलं, सोमवारपासून तो आला नाही. पॅनल मात्र त्याच्यावाचूनही बंद पडलं.

त्या रविवारी वडिलांना डबा द्यायला मी लालबागला गाववाल्यांच्या खोलीवर गेले. गिरणीत कामाला आलेली आमच्या गावची माणसं तिथे पाळीपाळीने झोपायची. ज्याची ट्रंक, त्याची जागा. संपानंतर बरेचजण गावी गेले ते परतलेच नाहीत. खोलीची व्यवस्था वडील बघायचे. गावाहून आलेल्या एकाला ते जागा नाही म्हणून सांगत होते. मी म्हटलं, खोलीच्या वहीत तर नऊच नावं उरलीत.

"नावां खोडली गो," ते म्हणाले, "पण ट्रंका खंय हलल्या? जागा अडलीच मगे."

मी डबा ठेवला आणि तिथेच खाली बसले. नर्सने टेबलावरून बेल बंद केली की माझा प्रोग्रॅम घर रिकामं करायचा. पण पेशंटने स्वतःच बेल रद्द केली, तर नंबर रांगेतून काढायचा आणि घर तसंच अडकवून ठेवायचा. अशी बारा घरं अडकली की पॅनल मुकं. स्विच बंद करून चालू केला की सगळी घरं पुन्हा मोकळी. दोन ओळी मी लिहायच्या विसरले होते.

त्या घातल्या, मालकांना चूक माझी असल्याचं सांगितलं. त्याला बोलावून आण, असं ते म्हणाले. मी त्याच्या चाळीत गेले. तो गॅलरीत आला, त्याने सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे चालेल आता पॅनल," तो म्हणाला.

"चालेल. तू परत ये. माझं चुकलं."

"नाय. परत काय बिघडलं की तू परत वही काढशील."

वही तेव्हाही माझ्या पिशवीत होती.