पाऊण तासाचं गाईडबुक

जगात गाईडबुक वाचणारे लोक पुष्कळ असतील, पण गाईडबुकाची उलटतपासणी घेणारा माणूस एकच असावा, आणि तो मस्कतमध्ये, अल् घुब्रातल्या आमच्या फ्लॅटच्या बरोबर समोर राहत होता. आम्ही त्यांना समोरचे काका म्हणायचो. वय साठीला टेकलेलं, बायको डोंबिवलीला, आणि नोकरी दूर किनाऱ्यावरच्या दुक्म गावातल्या एका प्रोजेक्टच्या मस्कत ऑफिसात डॉक्युमेंट कंट्रोलरची. म्हणजे ड्रॉइंगची नवी प्रत आली की जुनीवर 'रद्द'चा शिक्का मारायचा, नवीत जे जे बदललंय त्याच्याभोवती लाल पेन्सिलीने ढग काढायचा, आणि कुणी जुन्याच प्रतीवर काम करत असेल तर त्याला शोधून ती काढून घ्यायची. माझा नवरा दुक्मला साइटवर असतो. तो सांगतो, एकदा चालू मीटिंगमध्ये काकांनी साक्षात अर्बाबाच्या, म्हणजे मालकाच्या, हातातलं ड्रॉइंग ओढून घेतलं, "सर, धिस वन खलास," एवढंच म्हणाले आणि निघून गेले. त्यानंतरही नोकरी टिकली, कारण ते ड्रॉइंग खरोखरच खलास होतं.

काकांचा शौक एकच. दरवर्षी दहा दिवस एकट्याने परदेशी हिंडायचं. टूर कंपनीचं नाव काढलं की ते कारल्याची भाजी वाढल्यासारखं तोंड करायचे. पण परत आल्यावर हा माणूस एक फोटो दाखवेल, चार शब्द बोलेल, तर शपथ. "काका, टर्की कसा वाटला?" असं मी एकदा हौसेने विचारलं. "पान एकशे बारा चुकलंय," काका म्हणाले. बाकी काही नाही का, म्हटल्यावर त्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं आणि म्हणाले, "दोनशे तीससुद्धा, पण ती छपाईची चूक आहे." त्यांच्याकडून मला अकरा देशांची अशी माहिती मिळालेली आहे.

गाईडबुक विकत घेणं हा त्यांच्याकडे मुलगी बघण्याच्या तोडीचा कार्यक्रम असे, आणि बहुतेक स्थळं नाकारली जात. मॉलमधल्या पुस्तकाच्या दुकानातला मलबारी सेल्समन काका दिसले की न सांगता स्टूल आणून ठेवायचा. आधी आतल्या पानावरची छपाईची तारीख. मग त्याच मालिकेतलं ओमानचं पुस्तक मागवायचं आणि त्यात दुक्म बघायचं. "शांत कोळीवाडा म्हणतोय," ते एकदा मला दाखवत म्हणाले. "इथे रिफायनरी उभी राहिली, बंदर झालं, तुमचा नवरा तिथे धूळ खातोय आणि हा मासे बघतोय. ज्याला दुक्म माहीत नाही त्याच्यावर मी पेरू देशासाठी विश्वास ठेवू?" मग व्हिसाचं पान. पुस्तक कुठल्या पासपोर्टसाठी लिहिलंय हे त्यांना तिथे कळायचं. "व्हिसाची गरज नाही" असं सरसकट लिहिलेलं दिसलं की, "हे गोऱ्यांचं आहे, आपल्याला विमानतळावर बसवून ठेवतील," म्हणून बंद. शेवटी सगळ्यात अवघड परीक्षा. लेखकाने निदान तीन ठिकाणी "इथे जाऊ नका" असं म्हटलेलं पाहिजे. सगळंच सुंदर, सगळंच अविस्मरणीय असेल तर ते पुस्तक नव्हे, लग्नपत्रिका, असं त्यांचं मत होतं.

यातून वाचलेलं पुस्तक घरी यायचं आणि मग त्याला लिफ्टमध्ये नेलं जायचं. आमच्या लिफ्टमधला दिवा म्हणजे असून नसल्यासारखा. त्या उजेडात नकाशावरची गल्लीची नावं वाचता आली तर कुठल्याही देशातल्या बसस्टॉपवर वाचता येतील, हे काकांचं गणित. त्यासाठी ते पुस्तक नाकाला लावून चार-चारदा वर-खाली जायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या इजिप्शियन बाईंनी मला एकदा हळूच विचारलं, "तुमच्या शेजाऱ्यांना घर सापडत नाही का?" मी म्हणाले, "ते परदेशी जायची तयारी करतायत." बाईंनी मान डोलावली, पण त्यानंतर त्या जिन्याने जाऊ लागल्या.

"आता मोबाईलवर सगळं मिळतं की," असं म्हणायची चूक मी केलेली आहे. काका चिडले नाहीत. "मोबाईलला विचारावं लागतं वहिनी," ते म्हणाले. "आणि काय विचारायचं हे आपल्याला कुठे माहीत असतं?" मला तेव्हा हे नुसतंच हट्टी माणसाचं उत्तर वाटलं.

माझी आई दर हिवाळ्यात पुण्याहून तीन महिने आमच्याकडे येते. एके काळी ही बाई सहलीच्या बसमध्ये सर्वांत आधी चढून खिडकी पकडणारी. पण गेली तीन वर्षं ती मस्कतला आली की सोफ्यावर बसायची ती बसायचीच. निझवाचा किल्ला बघायला चल म्हटलं तर "तुम्ही जा, माझी मालिका आहे." मुत्रहच्या बाजारात चल म्हटलं तर "तिथे काय, तुळशीबागच ती." बाबा गेल्यापासून मन लागत नसेल, असं मी आधी धरून चालले. मग वय झालं म्हणून सोडून दिलं. आणि खरं सांगायचं तर शेवटी मला तिचा राग यायला लागला. त्या वर्षी ईदच्या सुट्टीत मी हट्टाने जॉर्जियाचा बेत काढला. नवऱ्याला दुक्महून रजा मिळणार नव्हती, म्हणजे आम्ही दोघीच. आई नाही म्हणाली. तिला एकटीला ठेवून जाणं शक्य नव्हतं, पण सुट्टी बुडण्यापेक्षा मला भीती वेगळीच होती. ही आत्ता उठली नाही तर पुन्हा कधीच उठणार नाही, असं मला वाटत होतं.

रंगीत फोटो बघून तरी तिचं मन वळेल, म्हणून तीन चकचकीत पुस्तकं घेऊन मी काकांकडे गेले. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाहीत. "पुस्तक नंतर. आधी कोण जाणार ते दाखवा," म्हणाले, आणि पॅड-पेन घेऊन आमच्या घरी येऊन आईसमोर बसले. "मावशी, एका दमात पायऱ्या किती?" "वीस. कठडा असला तर तीस." "सकाळचा चहा किती वाजता?" "साडेसहा." "तिखट?" "चालतं." काका लिहीत होते. मग मान वर न करता त्याच आवाजात त्यांनी विचारलं, "बाथरूम दर किती वेळाने?"

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. परक्या पुरुषाने माझ्या आईला हे विचारावं? मला संताप आला. "अहो काका," एवढं मी म्हणतेय तोवर आईने उत्तर दिलं होतं.

"पाऊण तास."

"थंडीत?"

"अर्धा. कधी त्याच्याही आधी."

"कमोड लागेल?"

"हो. आणि उठताना धरायला काहीतरी."

मग कुणी विचारलं नसताना ती पुढे बोलत राहिली. राजस्थानच्या सहलीत बस दोन-दोन तास थांबायची नाही. तिने पाणी प्यायचं सोडलं, तर चक्कर आली. एकदा ड्रायव्हरने थांबवली, पण उशीर झाला होता. पुढचे चार दिवस ती शेवटच्या सीटवर बसली. "तेव्हापासून नाही गेले कुठे," ती म्हणाली. काकांनी तेही लिहिलं. "डॉक्टरला दाखवलंत?" "नाही." "दाखवा. तोवर मी पुस्तक बघतो." चहा न घेताच ते गेले. निझवाचा रस्ता दीड तासाचा आहे, हे मला त्या दिवशी ट्रे हातात धरून पहिल्यांदा लक्षात आलं.

पुढचे पंधरा दिवस काकांनी दुकानं पालथी घातली. राजवाडे होते, द्राक्षांचे मळे होते, पण स्वच्छतागृहाबद्दल कुणी ब्र काढत नव्हतं. "हे लेखक जातात तरी कुठे?" काका विचारायचे. शेवटी मस्कतच्याच मदिनत सुलतान काबूस भागातल्या एका कॅफेत, देश सोडून जाणारी कुटुंबं पुस्तकं ठेवून जातात त्या फळीवर त्यांना एक बारकं, एकही चित्र नसलेलं पुस्तक सापडलं. दोन निवृत्त नर्सनी लिहिलेलं. प्रत्येक ठिकाणी शौचालय कुठे, पायऱ्या किती, कमोड की उकिडवं बसायचं, किल्ली कुणाकडे मागायची, सगळं होतं. दोष एकच, पुस्तक सहा वर्षांचं जुनं होतं. काकांच्या नोकरीतल्या हिशोबाने ते हातात धरणंही गुन्हा होता. ते शिक्का मारू शकले नाहीत. त्याऐवजी रोज संध्याकाळी त्यांनी जॉर्जियाला फोन लावायला सुरुवात केली. समोरच्या दारातून मला ऐकू यायचं, "हॅलो, गुड इव्हनिंग, मॅडम. यॉर टॉयलेट, स्टिल वर्किंग?" एका म्युझियमने दोनदा फोन आपटला. एका मठातल्या तिकीटवाल्या बाईंनी मात्र वीस मिनिटं माहिती दिली आणि वर मावशींच्या तब्येतीची चौकशी केली. पुस्तक आमच्या हातात आलं तेव्हा पानोपानी लाल ढग होते. त्यासोबत एक चिठ्ठी: विमानात आयल सीट, मागून तिसरी रांग.

आईने ते पुस्तक बसून वाचून काढलं आणि म्हणाली, "जाऊ या."

तिब्लिसीत आम्ही पाच दिवस त्या ढगांच्या मागे हिंडलो. डॉक्टरच्या गोळ्यांचाही थोडा उपयोग झाला असेल, पण कुठे थांबायचं ते पुस्तकच सांगत असल्याने मला तोंड उघडावंच लागलं नाही. तिसऱ्या दिवशी एका ढगातल्या जागेला कुलूप निघालं. आईने रस्त्यापलीकडच्या बेकरीचं दार वाजवलं, आतल्या बाईला खुणेने काय ते सांगितलं आणि आत गेली. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला. मी घाबरून आत डोकावले, तर ही भट्टीशेजारी स्टुलावर बसून गरम पाव खात होती आणि त्या बाईला मराठीत सांगत होती की यात थोडं मीठ कमी आहे.

परतल्यावर तिने काकांना रीतसर चुका सांगितल्या. दोघांनी मिळून आमच्या डायनिंग टेबलावर पोह्यांच्या बशा सरकवून अर्ध्या तिब्लिसीची शौचालयं पुन्हा तपासली. विषय बदला म्हणायला मी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. आईला इतकं हसताना बघून मला फार दिवस झाले होते.

या वर्षी दुक्मचं काम संपलं आणि काका कायमचे डोंबिवलीला निघाले. आई म्हणाली, मी विमानतळावर येणार. तिथे काकांचे आभार मानायला मी वाक्य ठरवून गेले होते. ते म्हणाले, "वहिनी, गेट बदललंय," आणि बोर्डाकडे बघत राहिले. आईला तेवढा वाकून नमस्कार केला. मग 'यल्ला', म्हणजे चला, म्हणून बॅग ओढत गेले, मागे वळून न बघता.

घरी येताना आई खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "पोटच्या पोरीला सांगितलं नाही आणि परक्या माणसाला सांगितलं, असं तुला वाटत असेल."

मला तसं वाटत होतंच.

"तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस. मग तुझी समजूत मला घालावी लागली असती. त्यांनी नुसतं लिहून घेतलं."

काकांचे आभार कशाबद्दल मानायचे होते ते मला तेव्हा कुठे नीट कळलं, आणि तोवर ते आत निघून गेले होते. घर अजून दहा मिनिटांवर होतं. पुढे पेट्रोल पंप दिसला तशी मी गाडी सावकाश केली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला विचारलं, "आई, थांबायचंय का?"

"थांब," ती म्हणाली, आणि पर्स उचलून माझ्याआधी खाली उतरली.