कुंडाजवळची आजी

एकोणीसशे सत्तरच्या सुमारास आमच्या मंडळीची नागपुरातल्या जुन्या चर्चांची एक दिवसाची यात्रा मी आखली होती. रामटेककडची एक आजी सोबत होती. प्रत्येक दारात ती चपला काढायची, भिंतीवरून हात फिरवायची. शेवटच्या चर्चमध्ये ती बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाला बिलगून बसली, ती उठेचना.

"आजी, बस थांबली आहे," मी म्हटलं.

"तान्ही असताना मले इथंच सोडून गेले वं. माय ठाऊक नाही. हेच माहं माहेर," ती डोळे पुसत म्हणाली. "माहेराहून रित्या पदरानं जाते काय कोणी?"

माझ्या आखणीत हे नव्हतं. पण वाटण्यासाठी आणलेली संत्री पिशवीत होती. त्यांतली पाच काढून मी तिची ओटी भरली.

तेव्हा ती उठली आणि कुंडाला वाकून म्हणाली, "येतो वं माय."