लुक्कामधली भिंत

लुक्का या जुन्या इटालियन शहरात एक लांबट गोल चौक आहे. कधीकाळी तिथे रोमन लोकांचं झुंजींचं मैदान होतं. पुढे लोकांनी त्याच्याच भिंतींना धरून घरं बांधली, आणि ती अजून नांदती आहेत. मागच्या गल्लीत आम्ही उभे होतो. वरच्या खिडकीत एक बाई गादीला ऊन दाखवत होती आणि तिच्या खाली रोमन कमानीच्या विटा उघड्या पडल्या होत्या.

माझा पाय ठरत नव्हता. पुण्यातली आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय. परतल्यावर किल्ल्या द्यायच्या. आमच्या मुलीहून लहान बिल्डिंग, पण मीटिंगमध्ये सगळ्यांचं एकच, जुनी झाली!

बायकोने विटांवर हात ठेवला.

"गरम आहेत हो," ती म्हणाली. मग हळूच, "आपल्या भिंतींचं काय करतात, पाडल्यावर?"

"टाकतात कुठेतरी भरावात," असं म्हणून मी तरातरा चालू लागलो. पण गल्लीही चौकासारखीच गोल. जितक्या घाईने निघालो, तितक्याच लवकर पुन्हा तिच्यापाशी येऊन पोचलो.

तिचा हात अजून भिंतीवरच होता.